मोहेंजोदडोहून आलेले बिऱ्हाडकरू

आमच्या सोलापूरच्या घरी ते राहायला आले, तेव्हा टांग्यातून दोन ट्रंका, एक वळकटी, एक लांब लाकडी पट्टी आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक वीट उतरली. ट्रंका टांगेवाल्याने आत आणल्या. वीट त्यांनी स्वतः आणली, तान्हं मूल धरावं तशी, दोन्ही हातांवर.

सासूबाई ओसरीवर गहू निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "चूल मांडायला आणलीत होय? अहो, विटा इथंही मिळतात."

"वहिनी, ही वीट पाच हजार वर्षांची आहे."

"मग आता टाकायला हरकत नाही," सासूबाई म्हणाल्या आणि एक खडा वेचून बाजूला टाकला.

मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते. लग्न होऊन मला सहा वर्षं झाली होती, तरी परक्या पुरुषासमोर मी येत नसे. बोलायचंच झालं तर सासूबाईंकडे बघून बोलायची, "त्यांना म्हणावं, पाणी तापलंय." त्या दिवशी मात्र दाराच्या फटीवरून माझा डोळा हलला नाही. ही वीट ज्यांनी भाजली त्यांच्या बायका त्या दिवशी काय रांधत असतील, असं मनात आलं, आणि मग तो विचार मनातून जाईना.

ते सरकारच्या उत्खननाच्या कामावर नकाशे काढायच्या नोकरीत होते. सिंध तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे इकडची माणसं तिकडं नोकरीला जात. मुंबईहून आगबोटीने कराची, तिथून रेल्वेने डोकरी नावाचं स्टेशन, पुढे बैलगाडी. तिथं एका माळावर जमिनीखालून अख्खं शहर निघालं होतं, मोहेंजोदडो. उन्हाळ्यात तिथली खणती बंद असते. पण काकांना इकडं पाठवलं होतं ते एका बोलीवर. तेवीस कागदांवर वस्तूंची चित्रं पेन्सिलीने काढलेली होती. ती शाईने पक्की करायची, प्रत्येक वस्तूखाली ती कशासाठी असावी ते लिहायचं, आणि पावसाळा सरायच्या आत सगळं पाठवायचं. काम पसंत पडलं तर दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा बोलावणं येणार होतं. नाही पडलं तर नोकरी संपली.

हे त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या सासऱ्यांना सांगून टाकलं. "अण्णासाहेब, खोली मला दसऱ्यापर्यंतच हवी. पुढं मी इथं राहणार नाही. अर्धं शहर अजून जमिनीखाली आहे आणि मी वर बसून काय करू?"

मामंजी कोर्टात कारकून होते. त्यांना अशा बोलण्याची सवय नव्हती. त्यांनी नुसती मान हलवली आणि अंगणाकडेची खोली दिली.

गल्लीत त्यांना सगळे वीटवाले काका म्हणू लागले. ते उंच, सुकलेले होते. हॅटमुळे कपाळाचा वरचा अर्धा भाग गोरा आणि खालचा काळा. मागं-पुढं कोणी नव्हतं. कोटाच्या एका खिशात टेप, दुसऱ्यात मऊ केसांचा ब्रश. कुठेही बसायचं तर आधी ब्रशने जागा झाडायचे, आणि झाडताना कचऱ्यात काय आहे ते बघायचे. कोणी काही सांगितलं की ते विचारत, "अंदाज आहे की खात्री?" सासूबाई म्हणाल्या, आज आमटी खारट झाली, तरी हाच प्रश्न.

आल्यानंतर आठवडाभरातच सासूबाईंनी त्या गावाच्या नावाचा अर्थ विचारला. ते सरळ म्हणाले, "मेलेल्यांची टेकडी." सासूबाईंनी विटेवर गोमूत्र शिंपडलं आणि बजावलं, "घरात लेकीसुना आहेत. ते नाव पुन्हा काढायचं नाही." तेव्हापासून आमच्या घरात त्या शहराला "ते गाव" म्हणत. ते गाव फार नीटनेटकं होतं. त्या गावात गटारावर झाकणं होती. सासूबाईसुद्धा पुढं पुढं शेजारणीला सांगायच्या, "त्या गावात बाई असा राडा नसायचा दारात."

वीट मात्र त्यांनी उशाशीच ठेवली.

एकदा सासूबाईंची नथ अंगणात पडली. आम्ही शोधायला वाकलो तर ते खोलीतून धावत आले, "कोणी पाऊल टाकू नका." मग त्यांनी सुतळीने अंगणाचे चौकोन केले आणि एकेक चौकोन ब्रशने झाडत गेले. सासूबाई एका जागी उभ्या, मी दाराआड, आणि समोरचे तात्या आपल्या दारातून टाळ्या वाजवत. "काका, अजून खाली खणा, माझ्या पणजीची सापडेल." तुळशीजवळच्या चौकोनात नथ दिसली. सासूबाई उचलायला गेल्या तर म्हणाले, "थांबा वहिनी." टेपने दोन भिंतींपासून अंतर मोजलं, वहीत टिपलं, आणि मग म्हणाले, "आता घाला. वस्तू उचलली की ती कुठं होती हे कायमचं नाहीसं होतं. तिथं आम्ही हेच तर करतो."

"माझी नथ पाच हजार वर्षं नाही पडून होती," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज मऊ झाला होता.

त्याच तात्यांशी चातुर्मासात त्यांचं बिनसलं. रोज सकाळी गल्लीच्या टोकाच्या उकिरड्यापाशी जाऊन काठीने तो उलटा करून बघायचा त्यांना नाद होता. म्हणायचे, "माणूस खोटं बोलतो, त्याचा कचरा बोलत नाही." तात्या चातुर्मासात कांदा-लसूण सोडल्याचं चारचौघांत सांगत असत. काकांनी एके सकाळी अगदी सरळ मनाने विचारलं, "तात्या, तुमच्या घरातली कांद्याची सालं वरच्याच थरात कशी?" तात्या पुढं पंधरा दिवस आमच्या दारावरून गेले नाहीत. काकांना आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. "मी थर विचारला," ते म्हणत राहिले.

थर म्हणजे काय, हे त्यांनी आम्हा बायकांना गोधड्यांवर दाखवलं. श्रावणातली दुपार होती. शेजारच्या चार-पाच जणी वाती वळायला आल्या होत्या. काकांनी घरातल्या सगळ्या गोधड्या ओसरीवर एकावर एक रचायला लावल्या. प्रत्येक गोधडीखाली काही ना काही घातलं, फुटकी बांगडी, चिंचोका, मातीची पणती.

"सगळ्यात खालची गोधडी म्हणजे सगळ्यात जुनं गाव. नदीला पूर आला, गाळ बसला, माणसांनी त्यावरच पुन्हा घरं बांधली. पुन्हा पूर, पुन्हा घरं. जागा सोडली नाही. भिंतीवर भिंत. विहिरीचा काठसुद्धा वर वर चढवत नेला. आता आम्ही खणलं की विहीर धुराड्यासारखी उभी दिसते."

"मग वरच्या घरातल्या बाईला खाली कोण राहत होतं ते ठाऊक होतं?" शेजारच्या एकीने विचारलं.

"ठाऊक असेल की. आजीचंच घर."

ते बोलायला लागले की त्यांचे हात थांबत नसत. रस्ते कसे सरळ, घरांची दारं मोठ्या रस्त्यावर नाहीत तर बोळात, म्हणजे धूळ आत येऊ नये. प्रत्येक घरात न्हाणी, न्हाणीची फरशी एका कोपऱ्याकडे उतरती. बोळाच्या कोपऱ्यावरची भिंत गोल झिजलेली, कारण वळताना ओझ्याचे बैल तिला घासत. विहिरीपाशी विटांत खळगे पडलेले, घागरी ठेवून ठेवून. शेजारी बसायला ओटा. "पाणी भरायची वेळ येईपर्यंत बायका तिथं बसत असणार. अंदाज आहे. पण बसून काय बोलत असतील ह्याची मला खात्री आहे."

बायका हसल्या. मी आतून आमच्या आडाकडं पाहिलं. त्याच्या दगडावरही तसाच खळगा होता, आणि मी रोज त्यात घागर ठेवत होते. एवढी वर्षं तो मला दिसला नव्हता. त्या दिवसापासून घागर ठेवताना माझ्या अंगावर काटा यायचा, पण चांगला.

त्या गावातल्या मोठ्या तळ्याची गोष्ट ते उभं राहूनच सांगत. विटांचं तळं, दोन बाजूंनी पायऱ्या, भिंतीत डांबर भरलेलं, पाणी झिरपू नये म्हणून. पायरीवरची माती काढली तेव्हा टेपचं दुसरं टोक काकांच्या हातात होतं. "मी खालच्या पायरीवर पाय ठेवला, वहिनी. माझ्या आधी तिथं पाय ठेवणारा माणूस ओल्या पायाने वर चढून गेला होता. मधे कोणी नाही." असं म्हणून ते आमच्या ओसरीच्या पायरीवरून खाली उतरून दाखवत.

त्यांच्या कागदांवरच्या वस्तू ते ज्याला त्याला दाखवत. वळसंगहून मंगळवारच्या बाजाराला येणारी एक तूपवाली आमच्याकडं तूप घालायची. तिच्यापुढं त्यांनी मातीच्या खेळण्यातल्या गाडीचं चित्र धरलं.

"ही ओळखीची वाटते का बाई?"

"व्हय की. आमचीच गाडी हाय ही. ह्यात काय लई जुनं?"

"कुठला भाग निराळा दिसतो?"

तिनं कागद उलटा-सुलटा केला. "बैल न्हाईत. कुटं गेले?"

ते इतके खूश झाले की तिच्याकडून दुप्पट तूप घेतलं. तीन दिवस ते आम्हाला सांगत होते, "तिला निराळं काही दिसलं नाही. काहीच नाही."

पण एक चित्र होतं, त्याचं उत्तर कोणालाच येत नव्हतं. तळहाताएवढा भाजलेल्या मातीचा गोळा, एका अंगाला खरबरीत. तसे बरेच सापडले होते. एक साहेब म्हणत, देवाला वाहायचं असेल. दुसरे म्हणत, पोरांचं खेळणं. काकांनी मामंजींना विचारलं, तात्यांना विचारलं, देवळातल्या गुरवालासुद्धा विचारलं. मग सासूबाईंना वाचून दाखवलं, "मातीचा गोळा, एक बाजू खरबरीत, न्हाणीच्या फरशीवर मिळाला."

मी आत भाकरी थापत होते. न्हाणी म्हटल्याबरोबर माझा हात थांबला. मी हात धुतले, आमच्या न्हाणीत गेले, तिथली वजरी उचलली आणि उंबऱ्यावरून बाहेर ओसरीवर सरकवली.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे काय?"

"त्यांना म्हणावं," मी आतून म्हटलं, "टाचा घासायची असेल."

मी वाकून पाहिलं. ते जमिनीवर बसले होते, वजरी हातात, अंगठा तिच्या खरबरीत बाजूवरून फिरवत. मग उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. "टाचा," ते म्हणाले. "वहिनी, आम्ही तीन वर्षं देव शोधत होतो. आणि त्या बिचाऱ्या टाचा घासत होत्या."

तेव्हापासून प्रत्येक चित्र उंबऱ्यापाशी येऊ लागलं. ते बाहेर वाचत, सासूबाई मधे बसत, मी आतून बोलत. भोकांचं मडकं, खापराचे त्रिकोणी तुकडे, शिंपल्याची पळी. काहींचं उत्तर मला येई, काहींचं नाही. नाही आलं तर ते म्हणत, "नाही येत म्हणता, हे चांगलं आहे. तिथं असं कोणी म्हणत नाही."

शाईचं काम मात्र पुढं जाईना. सकाळी ते फळा मांडून बसत. एकदा ते बाहेर गेले असता केर काढताना मी कागदाकडं पाहिलं. पेन्सिलीची रेघ एकीकडं आणि शाईची बोटभर दुसरीकडं चालली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी दौतीच्या शेजारी फळ्यावरच टाक बुडवला. ते चेहरे ओळखत, अक्षर मोठं असलं तर लिहीत-वाचत, पण बारीक रेघ त्यांना दिसत नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, हे पुढं कळलं. डॉक्टर म्हणाले होते, पिकल्याशिवाय काढता येणार नाही, वर्ष तरी जाईल.

त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मी सासूबाईंना सांगितलं.

सासूबाईंनी त्यांना सरळच विचारलं, "दिसत नाही ना?"

ते म्हणाले, "नकाशे काढणाऱ्याला दिसत नाही हे तिकडं कळलं, तर मी कायमचा इथं, वहिनी."

"हिचा हात सरळ आहे," सासूबाई म्हणाल्या. "चैत्रांगण काढते तर लोक बघायला येतात."

माझी शाळा चौथीला सुटली होती. टाक मी सहा वर्षांत धरला नव्हता. पहिल्या दिवशी मी रद्दी कागदावर नुसत्या रेघा ओढल्या. पण रांगोळीत बोटांतून भुकटी जितकी सोडायची तितकीच सुटली पाहिजे. शाईचंही तसंच निघालं. श्वास धरायचा, रेघ सुरू केली की मधे थांबायचं नाही. दुपारी मामंजी कोर्टात आणि आमच्या घरचे, माझे यजमान, गिरणीच्या कचेरीत असत. तेव्हा मी स्वयंपाकघरात फळ्यावर कागद ठेवून काढायची, आणि उंबऱ्याबाहेर बसून ते मापं तोंडपाठ सांगायचे. माझ्या हाताखाली बैल उभा राहिला, बांगड्या, फासे, मासे काढलेलं मडकं. ज्या बाईनं ते मडकं रंगवलं तिचाही हात माशाच्या शेपटीपाशी जरा घसरला होता. मी तो घसरलेला तसाच काढला आणि दिवसभर मला हसू येत राहिलं. आयुष्यात इतकी घाई मला कधी झाली नव्हती. भांडी घासतानासुद्धा उद्याचा कागद डोळ्यांपुढं असायचा.

सातव्या कागदावर पाण्याचा रांजण होता. त्याचा काठ फुटलेला, मोठं खापर उडालेलं. नेमका श्रावणातला शुक्रवार. सकाळीच जिवतीची पूजा झालेली, देवापुढं पुरणाचे दिवे लावलेले. भरल्या घरात, अशा दिवशी फुटका रांजण काढायचा माझा हात होईना. मी काठ गोल पुरा केला. चांगला दिसला. मग आठवा कागद घेतला आणि विसरून गेले.

तेवीस कागद भाद्रपदात रजिस्टर टपालाने गेले. घटस्थापनेआधी चार दिवस साहेबांचं पत्र आलं. ते इंग्रजी होतं आणि अक्षर बारीक, म्हणून काकांनी ते संध्याकाळी आमच्या घरच्यांकडे वाचायला दिलं. ओसरीवर मामंजी, सासूबाई, सगळे होते. ह्यांनी वाचून मराठीत सांगितलं:

"सातव्या कागदावरचा रांजण अखंड आहे. आमच्याकडच्या फोटोत त्याचा काठ फुटलेला आहे. तुमच्या हातून अशी चूक कधी झालेली नाही. बाकीच्या रेघाही तुमच्या नव्हेत. त्या तुमच्यापेक्षा चांगल्या आहेत. हे काम कोणी केलं ते कळवावं. तोपर्यंत तुम्हाला बोलावण्याचा विचार करता येत नाही."

त्या माणसाचं सगळं एका गोष्टीवर होतं, वस्तू जशी मिळाली तशीच टिपायची, आणि ती मी मोडली होती.

ते उंबऱ्याकडं वळले. "सूनबाई, काठ जोडलात?"

मी सासूबाईंकडं पाहिलं. "त्यांना म्हणावं," मी म्हटलं, "शुक्रवार होता."

मामंजी म्हणाले, "हिचा काय संबंध?" सासूबाई म्हणाल्या, "कागद हिनंच काढलेत."

काका खाली बसले. मला वाटलं आता रागावतील. ते पुटपुटत होते, "शुक्रवार. भरलं घर." मग एकदम उठले. "वहिनी, फुटकं भांडं तुम्ही घरात ठेवत नाही?"

"कोण ठेवतं?"

"तिथंही नाही. त्या घरांत चांगले रांजण जागच्या जागी मिळाले आणि फुटके सगळे बाहेर, बोळात. आम्ही म्हणत होतो, लोकांना टापटीप आवडत असेल. सूनबाई, तुमचा हात जिथं अडला तिथं त्या बायकांचाही अडत असेल. अंदाज आहे. पण काय अंदाज आहे." ते अंगणात फेऱ्या मारू लागले. आपली नोकरी हातची चालली आहे हे ते पार विसरले होते. सासूबाईंनीच आठवण करून दिली, "अहो, पण साहेबांना काय लिहिणार?"

"जे आहे ते. दुसरं काय लिहिणार?"

त्याच रात्री मोठ्या मोठ्या अक्षरांत त्यांनी सगळं लिहून काढलं आणि सकाळी पाठवलं. डोळे, उंबरा, चौथीपर्यंत शिकलेली घरातली सूनबाई, शुक्रवार, आणि फुटक्या भांड्यांबद्दलचा अंदाज दोन पानं. मामंजी दोन दिवस माझ्याशी आणि सासूबाईंशी बोलले नाहीत. जेवायचे आणि उठायचे.

उत्तर तारेने आलं आणि मागोमाग पत्र. डोळ्यांमुळं नकाशाचं काम देता येणार नाही. पण खापरं निवडायला माणूस हवा आहे, ती बोटांनी ओळखता येतात. पगार कमी. कबूल असेल तर दसऱ्यानंतर निघावं. कागद परत पाठवत आहोत. सातवा पुन्हा काढून, आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ज्याने तो काढला त्याची सही घेऊन, सोबत आणावेत. सहीशिवाय ते दप्तरी दाखल होत नाहीत आणि तुमचं काम पुरं झालं असं धरता येत नाही.

"खापरं," काका म्हणाले. "खापरं निवडायला मी फुकट गेलो असतो."

पण सही. मामंजींनी पानाचा डबा मिटला. "आमच्या घरातल्या बाईचं नाव सरकारी कागदावर जाणार नाही. उद्या कोर्टात लोक मला विचारतील."

काकांनी हात जोडले. "अण्णासाहेब, तिच्या नावावाचून मी जाऊ शकत नाही. तुम्ही नाही म्हटलंत तर मी भांडणार नाही. कागद परत पाठवीन, इतकंच."

अडचण दुसरीही होती. सही म्हणजे पूर्ण नाव, आणि पूर्ण नावात यजमानांचं नाव. ते मी तोंडानं घेत नसे, लिहिणं तर लांबच.

सासूबाई वाती वळत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "आपल्या घरचं नाव नाही ना गेलं म्हणजे झालं?"

"म्हणजे?" मामंजींनी विचारलं.

"हिचं माहेरचं नाव लिहू दे. ते आपण बदललं. आता ते आपलंही नाही आणि कोणाचंच नाही." मग त्या माझ्याकडं वळल्या. "काय होतं गं तुझं नाव?"

लग्नात ताटातल्या तांदळांवर नवं नाव लिहिलं, त्यानंतर सहा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. सासूबाईंनी ते एकदा उच्चारून पाहिलं. "चांगलं होतं की," त्या म्हणाल्या.

मामंजी उठून आत गेले. पण नाही म्हणाले नाहीत.

सातवा कागद मी अष्टमीच्या दुपारी काढायला घेतला. देवघरात घट बसलेला, समई तेवत होती. सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. मी रांजणाची एक बाजू काढली, दुसरी काढली, आणि फुटलेल्या काठापाशी टाक थांबला. सासूबाईंनी डोळे मिटून देवाला हात जोडले आणि मग उघडून म्हणाल्या, "काढ. जिथं फुटलंय तिथं नीट बघून काढ."

मी काढलं. मग तेवीस कागदांच्या तेवीस कोपऱ्यांत नाव लिहिलं. पहिल्यावर अक्षर शाळेतल्यासारखं आलं, शेवटच्यावर बरंच सुधारलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते गेले. टांग्यात बसताना त्यांनी वीट पुन्हा दोन्ही हातांवर घेतली होती. तात्यासुद्धा दारात येऊन उभे राहिले. सासूबाईंनी दशम्या बांधून दिल्या. ते म्हणाले, "वहिनी, पुन्हा भेट होईल. खात्री नाही, अंदाज आहे."

भेट झाली नाही. पण ते पोचले.

हे कळलं ते दिवाळीनंतर. मी आडावर होते. गल्लीत पोस्टमन एक नाव मोठ्याने विचारत फिरत होता. समोरच्या तात्यांनी ओट्यावरून सांगितलं, "ह्या नावाची बाई ह्या गल्लीत नाही. मी तीस वर्षं राहतोय."

"पत्ता तर इथलाच आहे. सिंधमधून आलंय."

"सांगतो ना, नाही. परत पाठवा."

अंगणाच्या ठेंगण्या भिंतीवरून मला दिसलं, पोस्टमनने पाकीट पिशवीत टाकायला हात खाली नेला. मी घागर तशीच आडावर ठेवली, पदर घट्ट ओढून घेतला आणि आमच्या दाराची कडी काढून रस्त्यावर उतरले. तात्या बघत होते. पलीकडच्या दोघी तिघी दारात आल्या होत्या. मी हात पुढं केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटलं, "द्या इकडं. ती मी."